गाडीला अर्थ मिळेना!

पिकअप गाडीचा एक स्वभाव सगळे चालक सांगतात. ती रिकामी असताना रुसत नाही. टोमॅटोचे क्रेट रचून झाले, ताडपत्री ओढून दोर आवळून झाला, शेतकऱ्याने नारळ फोडावा तशा भक्तिभावाने ‘निघा आता’ म्हटलं आणि चालकाने किल्ली फिरवली, की ती नुसता ‘टक्’ असा आवाज काढते आणि गप्प बसते. खरं म्हणजे गाडी रिकामी असतानाही रुसत असणार. पण तेव्हाचं रुसणं आपण लक्षात ठेवत नाही, एवढंच. भरलेल्या गाडीचं रुसणं मात्र जन्मभर लक्षात राहतं, कारण त्याला रुपयांचा हिशेब चिकटलेला असतो. पहाटेच्या बाजाराला जाणारा माल तीन तास उशिरा पोचला तर माल तोच असतो, भाव दुसरा असतो.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या छोट्या मालवाहू गाड्यांनी जी क्रांती केली, तिच्यावर आपण फारसं लिहिलेलं नाही. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी सुरू झाली, ती जर्मनीतल्या टेम्पो कंपनीशी सहकार्य करून. पुढे तो शब्द कंपनीचा राहिलाच नाही. कुठल्याही लहान मालगाडीला आपण ‘टेम्पो’ म्हणू लागलो. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली. २००५ मध्ये टाटा एस आली आणि लोकांनी तिचं ‘छोटा हाथी’ असं बारसंही करून टाकलं. नाशिकमध्ये तयार झालेल्या पिकअप गाड्या तर आज गावोगाव दिसतात. जुन्नरचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, मिरकरवाड्याची मासळी, मंडपाचे खांब, गणपतीच्या मूर्ती, बदलीच्या गावचा संसार, असं सगळं याच गाड्यांच्या पाठीवरून जातं. एका गाडीवर मालक, चालक, हमाल आणि त्यांची घरं मिळून दहा-बारा माणसांचं पोट असतं.

मी सदतीस वर्षं बँकेत होतो. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री; दिवसा कर्जप्रकरणं लिहिली. त्यामुळे या गाड्यांशी माझी ओळख झाली ती ‘तारण’ म्हणून. आर. सी. बुकावर बँकेचं नाव चढलं, की ती गाडी थोडीशी आमचीही होत असे. मार्च २००४ पासून बँकांना नव्वद दिवसांचा नियम लागू झाला. हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला, की खातं अनुत्पादक. थकलेल्या खातेदाराला कारण विचारलं तर पाऊस, पडलेले भाव, घरातलं आजारपण अशी उत्तरं येत. पण एक उत्तर वारंवार येई, आणि ते ऐकलं की माझ्यातला कादंबरीकारही कान टवकारी: “साहेब, गाडी उभी आहे. गॅरेजवाले म्हणतात, वायरिंगचा लफडा आहे.”

इंजिनचा बिघाड माणसाला कळतो. तेल गळतं, धूर निघतो, आवाज बदलतो. टायर फुटला तर दिसतो. पण विजेचा बिघाड ना दिसतो, ना त्याला वास असतो. आणि वास आलाच तर उशीर झालेला असतो. म्हणून हा बिघाड सगळ्यांत जास्त पैसे खातो. तो दुरुस्त करायला पैसे लागतात म्हणून नव्हे; तो सापडेपर्यंत लागतात.

ही वीज आहे तरी केवढी? पिकअपची बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात. तिच्या पोटात सहा घरं असतात आणि प्रत्येक घर साधारण २.१ व्होल्ट देतं. म्हणजे पूर्ण भरलेली, विश्रांती घेतलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ दाखवली तर ती निम्मी रिकामी आहे असं समजावं; बाराच्या खाली गेली तर ती जवळजवळ दिवाळखोर. शिसं आणि आम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवली आणि आजही गाडी सुरू करायला मुख्यतः तीच लागते. इंजिन सुरू झालं, की त्याच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर बॅटरी भरू लागतो. तेव्हा बॅटरीच्या दोन टोकांवर साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. आमचे मेकॅनिक लोक या अल्टरनेटरला अजून ‘डायनॅमो’ म्हणतात. डायनॅमो जाऊन कित्येक दशकं लोटली, तरी नाव चिकटून राहिलं. ‘सेल्फ’चंही तसंच. १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर बसवला गेला, त्याआधी पुढून हँडल मारून गाडी सुरू करावी लागे. हँडल उलटलं तर मनगट मोडे. ‘स्वतः सुरू होणारी’ ती गाडी, म्हणून सेल्फ. आज कुठल्याही आडगावच्या टपरीवर ‘सेल्फ-डायनॅमो रिपेअरिंग’ अशी पाटी दिसते, तेव्हा तिच्यात असा शंभर वर्षांचा इतिहास असतो.

बँकेतल्या माणसाला हे सारं समजायला सोपं जातं. बॅटरी म्हणजे बचत खातं. सेल्फ मारणं म्हणजे एकदम मोठी रक्कम काढणं. अल्टरनेटर म्हणजे दरमहाची मिळकत. खात्यात शिल्लक नाही, याची कारणं तीनच असू शकतात: मिळकत थांबली, कुणी गुपचूप पैसे काढतंय, किंवा खातंच मोडकळीला आलंय. आता शिल्लक नाही म्हणून कुणी पासबुक बदलत नाही. पण गाडीच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो. गाडी सुरू झाली नाही की पहिली गोष्ट म्हणजे नवी बॅटरी!

आणि चौथी शक्यताही असते. शिल्लक आहे, मिळकत आहे, पण वाटेतला पूल वाहून गेला आहे. त्यासाठी ‘अर्थ’ हे प्रकरण समजून घ्यायला हवं.

घरातल्या दिव्याला वीज जायला एक आणि परत यायला एक, अशा दोन वायरी लागतात. गाडीत मात्र जायला वायर असते आणि परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंडच. बॅटरीचं ऋण टोक चासीला जोडलेलं असतं. या परतीच्या वाटेला इंग्रजीत म्हणतात तो ‘अर्थ’. मराठीत लिहिलं की आपला अर्थ आणि तो अर्थ यांत काही फरक राहत नाही. “गाडीला अर्थ मिळेना साहेब,” असं एखादा मेकॅनिक म्हणतो, तेव्हा लेखकाला तत्त्वज्ञान ऐकू येतं आणि बँकवाल्याला पैसा. मेकॅनिकला मात्र फक्त एक गंजलेला बोल्ट दिसत असतो, आणि तोच बरोबर असतो.

आता गंमत पाहा. इंजिन हे चासीवर थेट टेकलेलं नसतं. ते रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, धक्के बसू नयेत म्हणून. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी असते. वीतभर लांबीची. किंमत म्हणाल तर एका चहा-नाश्त्याची. सेल्फ इंजिनवर बसलेला असतो आणि तो फिरताना दोनशे-अडीचशे अँपिअर एवढा प्रचंड प्रवाह ओढतो. तो सगळाच्या सगळा त्या पट्टीतून परत जायचा असतो. पट्टी गंजली, तिच्या निम्म्या तारा तुटल्या, तर काय होईल?

गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये जो नियम मांडला तो आपण शाळेत पाठ केलेला आहे. प्रवाहाला रोधाने गुणलं की व्होल्ट मिळतात. त्या गंजलेल्या सांध्याचा रोध समजा एका ओहमचा शंभरावा भाग आहे. किती क्षुल्लक! पण २०० अँपिअर त्यातून गेले की २ व्होल्ट तिथेच खलास होतात. बारातले दोन वाटेतच गेले. उलट एक दिवा लावून पाहिलं, तर तो ओढतो पाच अँपिअर. म्हणजे गळती फक्त ०.०५ व्होल्ट. दिवा झक्क पेटतो! आणि मेकॅनिक सांगतो, “करंट तर येतोय. म्हणजे सेल्फच गेला.”

या एका वाक्यापायी आपल्या राज्यात किती चांगले सेल्फ भंगारात गेले असतील, देव जाणे. दिवा पेटला याचा अर्थ वाट चांगली आहे असा होत नाही. पायवाट आहे एवढंच कळतं. त्या पायवाटेवरून भरलेला ट्रक जाईल का, हे ट्रक नेल्यावरच कळतं.

२००८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाखेत व्यवस्थापक होतो. टोमॅटोची ने-आण करणारा एक तरुण खातेदार दोन हप्ते चुकवून बसला होता. हप्ता नऊ हजारांच्या आसपास. तो शाखेत आला तेव्हा सबब सांगायला आला नव्हता. पिशवीतून बिलं काढून त्याने टेबलावर मांडली. नवी बॅटरी ४,८०० रुपये. सेल्फ उघडून कार्बन आणि बुश बदलले, २,२०० रुपये. डायनॅमोचं काम, ३,००० रुपये. वायरिंग ‘चेक’ केलं, १,५०० रुपये. बेरीज ११,५००. हप्त्यापेक्षा जास्त. आणि गाडी पुन्हा उभी. दोन वेगवेगळ्या गॅरेजांतून झालेली ही कामं होती. कुणी त्याला लुबाडलं होतं, असं मला तेव्हाही वाटलं नाही. प्रत्येकाने आपल्याला जे करता येतं ते केलं होतं. बॅटरीवाल्याने बॅटरी बदलली, डायनॅमोवाल्याने डायनॅमो उघडला. बिघाड शोधणं हे मात्र कुणाचंच काम नव्हतं.

तारण तपासणीचा दिवस ठरलेला होताच. मी गेलो तेव्हा गाडी हमरस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये होती. तिथला इलेक्ट्रिशियन साठीच्या पुढचा. त्याने आधी बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसून प्रश्न विचारू लागला. त्रास कधीपासून? सकाळी जास्त की गाडी तापल्यावर? पावसात वाढतो का? त्याआधी गाडीचं कुठलं काम केलं होतं? पोराने सांगितलं की मे महिन्यात क्लच प्लेट टाकली होती. आणि मग त्या म्हाताऱ्याने असा प्रश्न विचारला, की मला वाटलं हा विषय सोडून बोलतोय. “अ‍ॅक्सिलरेटरची केबल कधी बदललीस?”

पोरगा चकित झाला. केबल खरंच बदलली होती, तीही दोनदा. ‘जड’ होत होती म्हणून.

म्हातारा हसला. त्याचं अर्धं काम झालं होतं. परतीचा मुख्य रस्ता बंद असला, की वीज मिळेल त्या आडवाटेने परत जाऊ पाहते. इंजिनला बॉडीशी जोडणारी दुसरी धातूची वस्तू म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची पोलादी केबल. सेल्फचा एवढा प्रवाह त्या बारीक केबलमधून जाऊ लागला, की ती तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं आणि पाय दाबताना जड लागतं. केबलवाल्याने केबल बदलली होती. त्या दोन बिलांचा त्याने या हिशेबात समावेशही केला नव्हता, कारण त्याच्या लेखी तो वेगळा बिघाड होता!

मग मीटर निघालं. एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. “मार सेल्फ.” काटा साडेतीन व्होल्टवर गेला. चांगल्या गाडीत तो ०.२ च्या वर जाता कामा नये. दुसरं टोक इंजिनवरून काढून चासीवर ठेवलं आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. काटा जागचा हलला नाही. म्हणजे बॅटरी ते चासी रस्ता ठीक; चासी ते इंजिन वाहून गेलेला. गाडीखाली सरकून त्याने ती पट्टी बाहेर काढली. क्लचच्या कामात गिअरबॉक्स उतरवताना ती सोडली गेली होती आणि बसवताना गंजावरच, एका ढिल्या बोल्टवर कशीबशी टांगली होती. हिरवी-पांढरी बुरशी आलेली. निम्म्या तारा तुटलेल्या. नवी पट्टी आली, दोन्ही ठिकाणचा धातू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली. एकूण वेळ पाऊण तास.

बिल झालं २५० रुपये. पट्टीचे शंभर, तपासणीचे दीडशे. आणि इथे एक गोष्ट घडली, जी मी अजून विसरलो नाही. ११,५०० रुपये निमूट मोजलेला तो पोरगा त्या दीडशे रुपयांवरून घासाघीस करू लागला. “बाबा, नुसतं बघायचे दीडशे?”

म्हाताऱ्याने शंभर घेतले आणि विषय संपवला. त्या खात्याचे दोन्ही हप्ते गणपतीच्या आत भरले गेले, तेव्हा शाखेत मला हायसं वाटलं. पण त्या पन्नास रुपयांची बोच राहिली. आपण वस्तूचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. डब्यात घालून दिलेली बॅटरी डोळ्यांना दिसते. डोक्यात घडलेला विचार दिसत नाही. मग बिघाड शोधून पाऊण तासात शंभर रुपये मिळवण्यापेक्षा न शोधता बॅटरी विकणं परवडतं, हे त्या धंद्यातल्या पुढच्या पिढीने शिकलं तर दोष कुणाला द्यायचा?

वाचकहो, आपल्या दारात पिकअप नसेल. कार असेल, नाही तर मुलाची मोटारसायकल असेल. तत्त्व सगळीकडे तेच आहे. म्हणून काही साध्या खुणा सांगून ठेवतो. त्या ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही.

सेल्फ मारताना नुसतं ‘टक्’ वाजलं आणि आतला दिवा एकदम मंद झाला, तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल पाहावीत. दिवा तसाच प्रखर राहिला, तर प्रवाह पोचतच नाही. वाटेत कुठे तरी खोळंबा आहे किंवा सेल्फच बिघडला आहे. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटर लावला की टेललॅम्प त्याच्या तालावर नाचतो? बल्ब बदलू नका. त्या दिव्याचा अर्थ गेला आहे. परतीची वाट न सापडलेली वीज शेजारच्या बल्बातून घरी जाते आहे. पिकअपच्या मागच्या दिव्यांत हे हमखास होतं, कारण तिथे चिखल उडतो. मासळीची गाडी असेल तर बर्फाचं खारं पाणी झिरपतं, खताची असेल तर खताचे दाणे ओलाव्यात विरघळून धातू खातात. इंडिकेटर एका बाजूला भराभर लुकलुकतो? त्या बाजूचा एखादा बल्ब गेला असण्याचा संभव जास्त.

गाडी रोज चालवली तर ठीक. तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. ही दुसरी नेहमीची तक्रार. याला मी गुपचूप पैसे काढणारा म्हणतो. गाडी बंद असतानाही घड्याळ, कॉम्प्युटर वगैरे थोडी वीज घेतच असतात. ती साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. आता बाजारातून आणून लावलेला टेप, देव्हाऱ्याभोवतीची लुकलुकणारी माळ, मोबाइल चार्जर यांतलं काही तरी किल्ली काढल्यावरही चालूच राहतं आणि समजा अर्धा अँपिअर ओढतं. दिवसाचे झाले १२ अँपिअर-तास. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत जवळजवळ निम्मी! हा चोर पकडायची रीत सोपी आहे. सगळं बंद करून, दारं लावून, बॅटरीचं ऋण टर्मिनल सोडायचं आणि टर्मिनल व वायर यांच्या मध्ये मीटर जोडायचं. नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर झोपायला अर्धा तासही घेतात, तेवढा धीर धरायचा. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजबरोबर आकडा कोसळेल, त्या वाटेवर चोर राहतो. मीटर जोडलेलं असताना सेल्फ मात्र मारायचा नाही. मीटरचा जीव तेवढा मोठा नसतो.

फ्यूजवरून आठवलं. फ्यूजच्या रंगांना अर्थ असतो. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. निळा वारंवार उडतो म्हणून त्या जागी हिरवा बसवणं, किंवा त्याहून भयंकर म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवणं, हा प्रकार आपल्या रस्त्यांवर सर्रास चालतो. फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठी. तो उडालाच नाही, तर त्याच्या जागी वायर जळते, आणि वायर डॅशबोर्डच्या मागे, कापडी आणि फोमच्या सहवासात असते. हेडलाइटचंही तसंच. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचे; दोन मिळून दहा अँपिअरच्या आतबाहेर. त्या जागी शंभर वॅटचे लावले की प्रवाह जातो सोळा-सतराच्या घरात. वायर तीच, स्विच तोच. वर कायद्यालाही ते मंजूर नाही. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

जुन्या काळच्या दोन सवयीही आता सोडायला हव्यात. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन चालू राहिलं तर डायनॅमो चांगला, ही परीक्षा अजून कित्येक जण घेतात. अल्टरनेटरच्या गाडीत असं केलं, तर व्होल्ट क्षणात भलतेच उसळतात आणि हजारो रुपयांचा कॉम्प्युटर जळू शकतो. दुसरी सवय म्हणजे रात्री ढाब्यावर उभ्या असलेल्या मोठ्या ट्रकवरून ‘जंप’ घेणं. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बारा व्होल्टच्या गाडीला ते देणं म्हणजे तहानलेल्याला नळ नाही, धरण सोडण्यासारखं आहे. बारा व्होल्टच्याच गाडीवरून घ्या. धन टोक धनाला जोडा, आणि शेवटची ऋण वायर आपल्या बॅटरीला न लावता बॅटरीपासून दूर इंजिनच्या धातूला लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. शेवटची ठिणगी त्याच्यापासून लांब पडलेली बरी.

कुणी म्हणेल, ही सगळी जुन्या गाड्यांची गोष्ट झाली. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. सहा आलं, आता पिकअपमध्येही सेन्सर आले, कॉम्प्युटर आला. स्कॅनर लावला की बिघाडाचा क्रमांक समोर येतो. येतो खरा. पण तो क्रमांक काय सांगतो? अमुक सेन्सरकडून येणारे व्होल्ट कमी आहेत, एवढंच. सेन्सर खराब आहे असं तो म्हणत नाही. सेन्सर खराब असेल, त्याची वायर उंदराने कुरतडली असेल, कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल, किंवा अर्थ गेला असेल. अनेक सेन्सरना मिळून पाच व्होल्टचा एकच पुरवठा असतो. त्यांतला एक शॉर्ट झाला की बाकीचे निर्दोषही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात. स्कॅनर तक्रार नोंदवून घेतो. तपास माणसालाच करावा लागतो. फक्त आता चुकीचा पार्ट बदलणं दोन हजारांत भागत नाही, वीस-तीस हजारांवर जातं. म्हणजे त्या म्हाताऱ्याची विद्या कालबाह्य झालेली नाही, उलट महाग झाली आहे.

ती विद्या म्हणजे तरी काय? आधी विचारायचं, मग पाहायचं, मग मोजायचं आणि सगळ्यांत शेवटी बदलायचं. मोजताना वस्तूवर भार असताना मोजायचं. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये वाहनांच्या विजेचे अभ्यासक्रम आहेत, मुलं शिकून बाहेरही पडतात. पण त्यांनी शिकलेलं मोजमाप टिकवायचं असेल, तर मोजण्याला मोल मिळालं पाहिजे. ते मोल सरकार देणार नाही, गाडीची कंपनी देणार नाही. ते तुम्ही-आम्ही गिऱ्हाइकांनीच द्यायचं आहे. बिलावर ‘तपासणी’ अशी वेगळी ओळ दिसली तर कपाळाला आठी न घालता ते पैसे द्यावेत. आणि मागावंही, की काय मोजलंत, किती आलं, ते लिहून द्या. जो आकडा लिहून देतो, तो सहसा अंदाजाने पार्ट बदलत नाही.

आणि बँकवाल्याचा म्हणून एक शेवटचा सल्ला. गाडीत कागदपत्रांच्या कप्प्यात एक वही ठेवा. वीस-तीस रुपयांची चालेल. गाडीचं जे काही काम होईल, ते त्यात तारीख आणि किलोमीटरसह लिहा: काय उघडलं, काय बदललं, कुणी. क्लच आणि केबल ही कामं त्या पोराच्या दृष्टीने सेल्फच्या तक्रारीशी संबंध नसलेली होती. पण ती एकाच पानावर एकाखाली एक लिहिलेली असती, तर कदाचित पहिल्याच गॅरेजात कुणी तरी थबकलं असतं. खतावणीचं हेच तर काम असतं. सुट्या नोंदी मुक्या असतात. एकाखाली एक मांडल्या, की त्यांचा अर्थ लागतो.